‘त्सुमुगी’ला मराठीत काय म्हणावं?

जपानच्या सहलीचं माहितीपत्रक मराठीत आणताना ‘युकी-त्सुमुगी विणण्याचा अनुभव’ ही ओळ अडली आहे. ‘रेशमी कापड’ लिहावं की ‘खादी सिल्क’, आणि शेजारी आलेलं ‘कासुरी’ हे वेगळं कापड आहे का, असा प्रश्न आहे.

‘रेशमी कापड’ नका लिहू. चूक नाही, पण नेमकं जे सांगायचं तेच त्यातून निसटतं. नेहमीच्या रेशमात कोशाचा अखंड तंतू उलगडून रिळावर घेतात, त्यातून ती चमक येते. त्सुमुगीची गोष्ट निराळी. कोश उकळून, पाण्यात बोटांनी फाकवून, एकावर एक थर चढवत त्यांचा मऊ पिंजा करतात. त्याला म्हणतात ‘मावाता’. त्यातून हाताने सूत ओढायचं. ‘त्सुमुगु’ या क्रियापदाचा अर्थच सूत काढणं. हे कापड फारसं चमकत नाही, पण हलकं आणि ऊबदार असतं.

‘कातलेलं रेशीम’ हा शब्द पटकन सुचतो. पण आपल्याकडे कातणं म्हटलं की पीळ आलाच, आणि इबाराकी व तोचिगी या प्रांतांत विणल्या जाणाऱ्या युकी-त्सुमुगीच्या सुताला पीळच देत नाहीत. कातणारी बाई लाळेने बोटं ओली करून तंतू एकजीव करत जाते. इतकी कसबाची गोष्ट आहे ही! 2010 साली युनेस्कोने या विणकामाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते उगाच नाही. ‘खादी’ अर्थाने जवळचा, पण त्यात आपला स्वदेशीचा सगळा इतिहास आहे. तो जपानी कापडावर लादू नये. माझी पसंती ‘हातसुताचं रेशीम’ या शब्दाला. मूळ नाव मात्र ठेवाच.

कासुरी हे कापडाचं नाव नव्हे, ती नक्षीची रीत आहे. विणण्याआधीच सुताला जागोजागी बांधून रंगवायचं, म्हणजे बांधलेली जागा कोरी राहते. आपल्या इकतची, पाटणच्या पटोळ्याची हीच रीत. (पटोळं विणणारे साळवी मूळचे जालन्याचे, असं परंपरा सांगते.) जपानातल्याच कुरुमे गावची कुरुमे-कासुरी सुती असते आणि रेशमी युकी-त्सुमुगीवरही कासुरीची नक्षी असते, तेव्हा एकच कापड त्सुमुगी आणि कासुरी दोन्ही असू शकतं.

राहिला ‘अनुभव’. इबाराकीतल्या युकी शहरात पाहुण्यांना कोस्टरएवढा तुकडा विणायला देतात. पारंपरिक ‘जिबाता’ मागावर ताण्याचं एक टोक विणणाराच्या कमरेला बांधलेलं असतं. मागे रेललं की ताणा घट्ट, पुढे वाकलं की सैल. जड धोटा ओवायचा आणि त्यानेच बाणा ठोकायचा. एवढ्या अंगमेहनतीला ‘अनुभव घ्या’ फार फिकं वाटतं. मी अशी ओळ लिहीन: ‘युकी-त्सुमुगी, म्हणजे हातसुताचं रेशीम, स्वतः मागावर बसून विणून पाहा.’