नवं उत्पादन काढणं म्हणजे फक्त इंजिनिअरचं काम?

नमस्कार,

तुमची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला कंपन्यांच्या नव्या उत्पादनांवर काम करायचंय. तुम्ही म्हणता, ते तर इंजिनिअरांचं काम. मग दीड लाख भरून सहा महिन्यांचा ‘इनोव्हेशन’चा कोर्स लावावा का?

कोर्सचं आधी सांगतो: नको. बाकीचं जरा सविस्तर.

टाटाची ‘एस’, म्हणजे आपला छोटा हत्ती, तुमच्या बार्शीच्या बाजारातही दिसत असेल. ती आली २००५ साली. त्याआधी टाटा मोटर्सच्या गिरीश वाघ यांच्या टीमने तीनचाकी टेम्पोवाल्यांना गाठून त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. एक जण म्हणे बोलला, चारचाकी असली तर गावात लग्न जमायला सोपं जाईल! ऑफिसात बसून हे कुणाला सुचलं असतं? माल वाहणारी गाडी तर हवीच, पण चारचौघांत मान देणारी, आणि तीही आवाक्यातली. त्यामुळे गिऱ्हाइकाला काय परवडेल ते आधी धरलं आणि गाडी त्यात बसवली. टाटाच्याच इंडिका कारच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनावरून दोन सिलिंडरचं, साधारण ७०० सीसीचं इंजिन बेतलं. ते इंजिनिअरांनीच केलं, खरंय. पण किंमत किती ठेवायची, हप्ता किती पडेल, तो भाड्यातून सुटेल का, हा हिशेब कॉमर्सवाल्यांच्या हातचा.

म्हणून लेकीने कॉस्ट अकाउंटिंग, म्हणजे वस्तू बनवायला नेमका किती खर्च येतो त्याचा हिशेब, मनापासून करावं. बहुतेक मुलं तो पेपर सुटण्यापुरता करतात. पुढे सीईटी देऊन मार्केटिंगमध्ये एमबीए जरूर करावं, पण आधी एक-दोन वर्षं वितरकाकडे किंवा मार्केट रिसर्चच्या फील्डवर काढावीत. पगार बेताचा, वणवण फार, हे लपवत नाही.

तोवर तुमचं पशुखाद्याचं दुकान आहेच. तिला महिनाभर गल्ल्याशेजारी बसवा आणि कोण काय मागून रिकाम्या हाताने परत गेलं, ते वहीत लिहू द्या. दोन शेळ्या पाळणारी बाई पन्नास किलोचं पोतं कशाला घेईल? तिला पाच किलोची पिशवी भरून दिली तर पिशवी, मजुरी, तूट वजा जाता किलोमागे काय सुटतं, ते मुलीनेच काढावं. जमत असेल तर विकूनही बघू द्या. मुलाखतीला जाताना ती वही सोबत असू द्या.

सीईटीचे मार्क आले की पुन्हा लिहा, कॉलेजांचं तेव्हा बघू.