सही राजाची, जबाबदारी कोणाची?

गेल्या अंकात ब्रिटनच्या राजाने संसदेत केलेल्या भाषणाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे मेल आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय.

प्रश्न (कॉलेज विद्यार्थी, बार्शी) : राजा भाषणात 'माझं सरकार अमुक करेल' असं म्हणतो. मग सरकार राजाचं की लोकांचं? आणि ब्रिटनला लिखित संविधानच नाही हे खरं का?

सरकार लोकांचंच. राजा फक्त वाचतो. भाषणातला शब्द न् शब्द मंत्रिमंडळ लिहून देतं आणि त्यात काही चुकलं तर जाब मंत्र्यांना विचारतात, राजाला नाही. ताजं उदाहरण बघा. राजे चार्ल्स तरुणपणापासून पर्यावरणावर बोलत आलेत, सगळ्या जगाला माहितीये. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऋषी सुनक यांचं सरकार होतं तेव्हा त्यांना वाचावं लागलं की समुद्रातल्या तेल आणि गॅसच्या नव्या क्षेत्रांना परवाने मिळावेत म्हणून कायदा आणणार. मग निवडणूक झाली, मजूर पक्ष आला, आणि जुलै २०२४ मध्ये त्याच राजाने त्याच सिंहासनावरून वाचलं की स्वच्छ ऊर्जेसाठी सरकारी कंपनी काढणार. स्वतःचं मत दोन्ही वेळा कुठेच नाही. संसदीय राजेशाही कळायला एवढं एक उदाहरण पुरतं असं मला वाटतं.

संविधानाचं म्हणाल तर एका पुस्तकात बांधलेलं नाही एवढंच खरं. लिहिलेलं बरंच आहे. संसदेच्या संमतीशिवाय राजाला कर लावता येणार नाही, कायदे स्थगित करता येणार नाहीत हे १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये आहे. गादीवर कोण बसणार हेसुद्धा संसद ठरवणार हे १७०१ च्या कायद्यात आहे. पण संसदेने पास केलेल्या बिलाला राजाने मंजुरी दिलीच पाहिजे असं मात्र कुठल्याच कायद्यात नाहीये, ती प्रथा आहे, आणि ती इतकी पक्की की शेवटचा नकार राणी ॲन यांनी १७०८ मध्ये दिला होता, त्यानंतर कोणीच नाही.

आणि या भाषणाच्या दिवशी दारावर होतो तो सीन टीव्हीवर जरूर बघा. राजाचं बोलावणं घेऊन ब्लॅक रॉड हा अधिकारी कॉमन्सच्या, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहाच्या, दारापर्यंत येतो आणि तोंडावर दार धाडकन बंद होतं, मग तो काठीने तीनदा ठोठावतो तेव्हा कुठे उघडतात. १६४२ मध्ये पहिला चार्ल्स सशस्त्र माणसं घेऊन पाच खासदारांना पकडायला थेट सभागृहात घुसला होता, ते पाचजण आधीच निसटले होते. हे सभागृह राजाच्या हुकमात नाही ही गोष्ट त्या बंद दारातून आजही सांगतात.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, नाशिक) : आणि राजाने सहीच केली नाही तर? जबरदस्ती कशी करणार?

मॅडम, हे खरंच घडलंय, बेल्जियममध्ये, १९९० साली. गर्भपाताला काही अटींवर परवानगी देणारा कायदा संसदेने पास केला. राजे बोदुआं हे कट्टर कॅथलिक, त्यांनी पंतप्रधान मार्टेन्स यांना पत्र लिहिलं की माझ्या सदसद्विवेकाला हे पटत नाही, आणि विचारलं की विवेकाचं स्वातंत्र्य सगळ्या नागरिकांना आहे आणि फक्त राजालाच नाही, हे योग्य आहे का? पण त्याच पत्रात असंही म्हटलं की माझ्यामुळे लोकशाही अडायला नको, तुम्ही कायदेशीर वाट शोधा.

मग वाट शोधली. राजा राज्य करायला असमर्थ असेल तर त्याचे अधिकार मंत्रिमंडळाकडे जातात असं कलम बेल्जियमच्या संविधानात होतं. ते खरं तर आजारपण वगैरेसाठी, पण मंत्रिमंडळाने ४ एप्रिलला जाहीर केलं की राजे सध्या असमर्थ आहेत, कायद्यावर मंत्र्यांनीच सह्या केल्या, आणि ५ एप्रिलला संसदेने ठराव करून राजांना परत गादीवर बसवलं. म्हणजे राजाने आपला विवेक राखला, संसदेचा कायदाही झाला. हुशारी म्हणून दाद द्यावीच लागते, पण मला ही पद्धत मनापासून पटत नाही, कारण धडधाकट माणसाला असमर्थ म्हणणं ही कलमाची ओढाताण आहे आणि अशी ओढाताण उद्या वाईट कामासाठीसुद्धा होऊ शकते.

शेजारच्या लक्झेंबर्गने जे केलं ते मला जास्त आवडतं. २००८ मध्ये तिथले ग्रँड ड्यूक आँरी म्हणाले की इच्छामरणाच्या कायद्याला मी मंजुरी देणार नाही. तिथल्या नेत्यांनी सरळ संविधानच दुरुस्त केलं, मंजुरी देण्याचा अधिकारच काढून टाकला, आता ग्रँड ड्यूकने झालेला कायदा फक्त जाहीर करायचा. वाद मिटला, आणि पुढच्या सगळ्यांसाठी मिटला.

प्रश्न (वकील, कोल्हापूर) : राजाने पंतप्रधानांच्या सल्ल्याने काढलेला हुकूम कोर्टात टिकला नाही असं कधी झालंय का?

झालंय, आणि अलीकडेच. २०१९ ला ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याची, मुदत डोक्यावर आलेली असताना पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी राणी एलिझाबेथ यांना सल्ला दिला की संसद पाच आठवडे बंद ठेवा. २८ ऑगस्टला बालमोरलच्या वाड्यात तसा हुकूम निघाला. राणीने नकार द्यायला हवा होता असं तेव्हा बरेच जण म्हणत होते, मला ते चुकीचं वाटतं. निवडून आलेल्या पंतप्रधानाचा सल्ला राणीने स्वतःच्या मर्जीने फेटाळायचा म्हटला तर मग आपण परत १७०८ च्या मागेच गेलो की.

उत्तर कोर्टातून आलं आणि तेच योग्य होतं. २४ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की संसदेला तिचं काम करण्यापासून पुरेशा कारणाशिवाय रोखणारा सल्ला बेकायदेशीर, म्हणून त्यावर निघालेला हुकूमही बेकायदेशीर. त्या निकालातला एक भाग तुम्ही वकील आहात म्हणून मुद्दाम सांगतो. राणीचे प्रतिनिधी तो हुकूम घेऊन संसदेत गेले, तो जणू कोरा कागद घेऊन गेले असं समजा, म्हणजे संसद कधी बंद झालीच नव्हती. दुसऱ्या दिवशी खासदार परत येऊन बसले. दोष सल्ल्याचा ठरला, राणीवर काही आलं नाही. सही राणीची असली तरी जबाबदारी सल्ला देणाऱ्याची, हे तत्त्व याहून स्वच्छ कुठे दिसणार नाही.

प्रश्न (वाचक, नागपूर) : म्हणजे राजा किंवा त्याचा प्रतिनिधी स्वतःहून काहीच करू शकत नाही असं समजायचं का?

तसं समजू नका. ११ नोव्हेंबर १९७५, ऑस्ट्रेलिया. पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांचं खालच्या सभागृहात बहुमत होतं पण सेनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, बजेटचा पैसा अडवून धरलेला, आठवडे चालले होते. राणीचे तिथले प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी व्हिटलॅम यांना भेटायला बोलावलं आणि हातात बडतर्फीचं पत्र ठेवलं, आणि विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान केलं. त्याच दुपारी खालच्या सभागृहाने फ्रेझर यांच्यावर अविश्वास ठराव पास केला, सभापती तो घेऊन निघाले, पण त्यांना भेट मिळेपर्यंत कर यांनी दोन्ही सभागृहं बरखास्त करून टाकली होती. सभापतींनी राणीला पत्र लिहिलं, तिकडून उत्तर आलं की हे अधिकार तुमच्या संविधानाने गव्हर्नर जनरलना दिलेत, राणी मध्ये पडणार नाही. डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर मोठ्या बहुमताने जिंकले हेही सांगायला हवं.

यात लक्षात घेण्यासारखं हे की ऑस्ट्रेलियाचं संविधान लिखित आहे. मंत्री गव्हर्नर जनरलची मर्जी असेपर्यंत पदावर असतात असंच त्यात लिहिलंय, आणि ती मर्जी कधी वापरायची नाही हे मात्र प्रथेवर सोडलंय. तर नुसतं लिहून भागत नाही, अधिकार कुठे संपतो हे पण लिहावं लागतं.

प्रश्न (एमपीएससीची तयारी करणारी वाचक, लातूर) : कोणालाच बहुमत नसेल तर पंतप्रधान कोण हे राजा ठरवतो का?

देशागणिक वेगळं आहे. ब्रिटनमध्ये पक्ष आपसात ठरवतात आणि मग नाव राजाकडे जातं, राजाला वादात ओढायचं नाही हा तिथला अलिखित दंडक. स्पेनमध्ये १९७८ च्या संविधानाच्या ९९ व्या कलमाप्रमाणे राजा पक्षांशी बोलून उमेदवार सुचवतो पण निवड संसदेच्या मतदानाने, आणि पहिल्या मतदानापासून दोन महिन्यांत कोणीच जिंकलं नाही तर परत निवडणूक. २०१६ ला तसंच झालं, सहा महिन्यांत दुसऱ्यांदा मतदान. नेदरलँड्सच्या संसदेने २०१२ मध्ये सरकार बनवण्याच्या बोलण्यांतून राणीला बाजूला केलं. स्वीडनने तर १९७४ च्या संविधानातच हे काम सभापतींना दिलं, राजा फक्त समारंभापुरता, बिलावर सहीसुद्धा करत नाही. परीक्षेला स्वीडन आणि जपान लक्षात ठेवा. जपानच्या संविधानात सम्राट राष्ट्राचं प्रतीक आहे आणि राज्यकारभाराचा कुठलाच अधिकार त्याला नाही असं स्पष्ट लिहिलंय.

आपल्याकडे राजा नाही पण प्रश्न तोच. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत सकाळी सकाळी शपथविधी झाला तेव्हा सुप्रीम कोर्टाने बहुमत सभागृहात सिद्ध करा म्हणून सांगितलं, आणि कोर्टाच्या त्या आदेशाच्या दिवशीच मुख्यमंत्र्यांचा राजीनामा आला. राष्ट्रपतींचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे असं बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना सांगितलं होतं. पण मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे हे कलम ७४ मध्ये स्पष्ट शब्दांत यायला १९७६ ची ४२ वी घटनादुरुस्ती लागली, आणि एकदा फेरविचाराला परत पाठवता येईल हे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आलं. हे दोन आकडे हमखास विचारतात.

प्रश्न (वाचक, सातारा) : आमच्याकडे छत्रपती आणि पेशवे होते, ते पण असंच म्हणायचं का?

वरवर तसं दिसतं खरं. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून छत्रपतींकडून यायची आणि कारभार पुण्यातून चालायचा. पण पेशव्यांना जाब विचारणारं निवडून आलेलं सभागृह नव्हतं, पद वंशपरंपरेने चाललं. राजाचे हात बांधले एवढ्याने संसदीय राजेशाही होत नाही, कारभाऱ्याचे पण बांधावे लागतात.

खरं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं. औंध. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, लोक त्यांना बाळासाहेब म्हणायचे. संस्थान अवघं ७२ गावांचं, तेही सलग नाही. त्यांनी १९३८ मध्ये जाहीर केलं की कारभार प्रजेच्या हाती देणार, आणि १९३९ च्या जानेवारीत संविधान लागू केलं. गांधीजींनी त्यात जातीने लक्ष घातलं होतं, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे इंजिनियर हे त्या कामात पुढे होते. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची समिती, आणि तिथून माणसं विधिमंडळात. इंग्रजांचं राज्य डोक्यावर असताना, आजूबाजूची संस्थानं प्रजा परिषदेच्या लोकांना तुरुंगात टाकत असताना एका राजाने स्वतःहून हे केलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि तो प्रयोग तिथेच थांबला, नाहीतर पुढे काय झालं असतं हे बघायला मिळायला हवं होतं.

प्रश्न (मिसिसागा, कॅनडाहून) : पुढच्या महिन्यात माझी नागरिकत्वाची शपथ आहे. राजे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी निष्ठा असं म्हणायचंय. आजोबा चलेजाव चळवळीत तुरुंगात होते, मला ते शब्द तोंडातून काढायला जड जातंय.

तुमची अडचण अगदी खरी आहे, आणि ती फक्त तुमची नाही. कॅनडात काही कायम रहिवाशांनी याच शपथेला कोर्टात आव्हान दिलं होतं. ओंटारिओच्या अपील कोर्टाने २०१४ मध्ये शपथ कायम ठेवली पण कारण महत्त्वाचं दिलं, की शपथेतली राणी (तेव्हा एलिझाबेथ) म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे, कॅनडाच्या राज्यपद्धतीचं ते प्रतीक आहे, आणि राजेशाही नको असं शपथेनंतर उघड बोलायला तुम्ही मोकळे आहात. त्या अर्जदारांपैकी एकाने शपथ घेतल्यावर लगेच राणीवरच्या निष्ठेचा भाग जाहीरपणे नाकारला, त्याचं नागरिकत्व गेलं नाही.

शपथेच्या पुढच्या वाक्यात कॅनडाचे कायदे आणि संविधान पाळण्याचं वचन आहे, मूळनिवासींच्या हक्कांचा त्यात उल्लेख आहे, ते वाक्य आधी नीट वाचून घ्या. राजाचं पद काढायचं असेल तर १९८२ च्या कायद्याप्रमाणे संसदेची दोन्ही सभागृहं आणि दहाच्या दहा प्रांत लागतात, म्हणजे अवघड आहे, पण त्यासाठी मतदान करायला आणि चळवळ करायला आधी नागरिक व्हावं लागतं.