वाचकांचे प्रश्न : केली बँड

प्रश्न : आयर्लंडमधील केली बँड इतकी वर्षे कसे टिकतात? सगळे वादक एकच चाल का वाजवतात?

उत्तर : केली म्हणजे आयर्लंडमधला पारंपरिक सामूहिक नाचाचा मेळा, आणि त्याला साथ करणारा वाद्यवृंद तो केली बँड. क्लेअर परगण्यातला किल्फेनोरा बँड १९०९चा. १९५४, ५५ आणि ५६ अशी सलग तीन वर्षे त्याने अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली, आणि १९९३ ते ९५मध्ये पुन्हा तेच केले. याच भागातला टला बँड १९४६चा. तो पी. जे. हेस यांनी अनेक दशके चालवला. त्यांचा मुलगा मार्टिन कुमारवयातच त्यात फिडल, म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन, वाजवू लागला. घरात रोज कानावर पडलेल्या चाली हीच या बँडांची खरी पुंजी.

पूर्वी नाच बहुधा घरांत होत. १९३५च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा केला, घरगुती नाचांना फटका बसला आणि नाच सभागृहांत गेला. मोठ्या खोलीत एकटे फिडल ऐकू येईना. म्हणून फिडल, बासरी, अकॉर्डियन, बँजो एकच चाल एकत्र वाजवतात. पियानोचा डावा हात खर्ज धरतो, उजवा ठेका भरतो, सोबत ड्रम.

बहुतेक चालींत आठ मात्राखंडांचे (ठरावीक मात्रांच्या गटांचे, इंग्रजीत 'बार') दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदा वाजतो, म्हणजे एक फेरी ३२ खंडांची. नाचणाऱ्यांच्या आकृत्या याच मापाने आखलेल्या असतात. एक आवृत्ती गाळली की सगळ्यांची पावले चुकतात. रीलमध्ये, म्हणजे जलद लयीच्या नाचाच्या चालीत, लय हळूहळू चढणे हा नेहमीचा दोष. तो सहसा ताल धरणाऱ्यांकडून सुरू होतो, म्हणून चांगला पियानोवादक नाचणाऱ्यांच्या पायांवर नजर ठेवतो.