शेवटचे साठ हजार देऊन टाका

कोथरूडच्या एका निवृत्त वाचकांनी विचारलंय: जुन्या फ्लॅटचं काम ८ लाख ४० हजारांत झालं, त्यातले ६० हजार द्यायचे राहिलेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘काका, सोसायटीतली दोन कामं मिळवून द्या, शेवटचं बिल सोडून देतो.’ काम चांगलं झालंय, दोन शेजाऱ्यांनी नंबरही मागितलाय. पत्नीला मात्र हे पटत नाही. सूट घ्यावी का?

नका घेऊ. वहिनींचं बरोबर आहे.

हे पैसे येणार कुठून ते बघा. शेजाऱ्यांची कामं सहा-सहा लाखांची धरली, तर ६० हजार म्हणजे बारा लाखांचे पाच टक्के. कॉन्ट्रॅक्टर ते पदरचे घालणार नाही. स्क्वेअर फुटाचा दर थोडा चढेल, नाहीतर सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० चं, म्हणजे पाण्याला टिकणारं, मरीन प्लाय सांगून साधं कमर्शियल बसेल. वरून सनमायका चिकटला की दोन्ही सारखीच दिसतात. पुढे प्लाय फुगून दार लागेनासं झालं, की शेजाऱ्यांना आधी तुम्ही आठवाल.

तुमचंही नुकसान आहेच. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग नव्यानं केलंय म्हणता. उद्या खालच्यांच्या छताला ओल आली, तर त्याला परत बोलवायला हातात आहे ती ही राहिलेली रक्कम. सौदा झाला की हिशेब मिटला, आणि तक्रार करायला तुमचीच जीभ रेटणार नाही.

म्हणून बाथरूमची जाळी बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवा आणि खाली जाऊन छताला हात लावून बघा. कोरडं असेल तर ४० हजार लगेच द्या. २० हजार गणपतीनंतर, पावसाचा जोर सरल्यावर, असं त्याच्याशी बोलून लिहून घ्या. पैसे बँकेतून द्या, पक्कं बिल घ्या. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर तेच कामाला येईल.

मी हे इतक्या ठामपणे सांगतोय, कारण आमच्या गुंतवणूक सल्ल्याच्या व्यवसायात, नाव सुचवून पैसे घ्यावेत का, हा प्रश्न रोजचा आहे. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत सल्लागाराला आपले हितसंबंध ग्राहकाला सांगावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर एकाच कुटुंबाला सल्लाही द्यायचा आणि कमिशनवर योजनाही विकायच्या, हे चालत नाही. घराच्या दुरुस्तीच्या कामांना असा नियम नाही. एका दिवाळीत, मी नाव सुचवलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून मिठाईच्या पुड्याखाली पाकीट आलं. ते परत पाठवलं आणि त्याच संध्याकाळी ग्राहकाला फोन करून सांगितलं. तेव्हापासून नाव सुचवणंच बंद केलं. कोटेशन मात्र सोबत बसून वाचतो.

तुम्ही कमिटीवर आहात, गच्चीच्या कामाची कोटेशनं मागवणार आहात. त्यात तुमच्या या कॉन्ट्रॅक्टरचं आलं तर सभेत आधीच सांगा, आणि त्या ठरावावर मत देऊ नका.

पैसे चुकते झाले की शेजाऱ्यांना नंबर खुशाल द्या. घर दाखवा, सिंकखालचं कपाट उघडून दाखवा. काम तीन आठवडे लांबलं होतं, तेही सांगा.