गुहेत, झाडावर, सीमेवर राहणाऱ्यांना इंग्रजीत काय म्हणतात आणि ते शब्द लक्षात कसे ठेवायचे?

तुमचा प्रश्न असा: स्पर्धा परीक्षेत 'गुहेत राहणारा', 'झाडावर राहणारा' अशांसाठी एकच इंग्रजी शब्द विचारतात, यादी पाठ केली तरी आठवड्यात विसरायला होतं, तर काय करावं? मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतो. आमच्या मुलांचीही हीच अडचण असते. मी त्यांना यादी देत नाही, शब्द फोडून दाखवतो. तुम्हीही तसंच करा.

सोप्यापासून सुरू करू. लॅटिनमध्ये 'आर्बर' म्हणजे झाड. आमच्या भीमगडच्या जंगलात शेकरू आहे. ती जमिनीवर क्वचित उतरते, घरटंही वर फांद्यांतच बांधते. ती डोळ्यांसमोर आणली की 'आर्बोरियल', म्हणजे झाडावर राहणारा, हा शब्द विसरणं अवघड. 'ॲम्फिबियन' ग्रीक आहे. 'ॲम्फि' म्हणजे दोन्ही, 'बिओस' म्हणजे जीवन. म्हणजे आपला उभयचर. पण इथे एक फरक बघा. जलचर, भूचर, निशाचर यांतला 'चर' म्हणजे फिरणारा, तर लॅटिन शब्दांच्या शेवटी येणारा 'कोला' म्हणजे राहणारा. तो ज्या क्रियापदातून आला त्या 'कोलेरे'चे अर्थ दोन: जमीन कसणं आणि वस्ती करणं. ॲग्रिकोला म्हणजे शेतकरी. कॉलनी आणि कल्चर हे शब्दही तिथूनच निघाले. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा ज्यांच्या घरात ऐकलेली आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. आमच्या माळावर तारेवर बसून शेपटी हलवणारा गप्पीदास पक्षी आहे ना, त्याच्या प्रजातीचं (इंग्रजीत 'जीनस') शास्त्रीय नाव 'सॅक्सिकोला', म्हणजे खडकात राहणारा.

आता माणसांचे शब्द. इथे मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण हे शब्द दुखवणारे आहेत. लॅटिन 'व्हिला' म्हणजे मळा, त्यावरची वस्ती. तिथे राबणारा तो 'व्हिलानस'. त्याचाच पुढे 'व्हिलन' झाला. सिनेमात ज्याला शेवटी मार बसतो त्याचा पूर्वज एक शेतमजूर होता! 'सॅव्हेज' म्हणजे रानटी, तो 'सिल्व्हा' म्हणजे रान यावरून आलेला. 'पेगन' म्हणजे मुळात खेड्यातला माणूस. उलट शहराच्या 'अर्ब्स'वरून आला 'अर्बेन', म्हणजे सभ्य, सुसंस्कृत. कोणी कुठे राहतो यावरून त्याचा स्वभाव ठरवून टाकला, आणि ठरवणारा बहुतेक वेळा शहरात बसलेला होता. आपण तरी काय वेगळं केलं? 'ग्राम्य' म्हणजे असभ्य, 'गावंढळ' ही शिवी, आणि 'नागर' म्हणजे संस्कारी. शेतकऱ्यांच्या पोरांना हे शिकवताना मला दरवेळी वाईट वाटतं. तरी मी सांगतो, कारण कुणी तो शब्द फेकला तर त्याचं मूळ त्यांना माहीत असलं पाहिजे.

'नेबर' या शब्दाने मात्र मन भरून येतं. जुन्या इंग्रजीत तो 'जवळ' आणि 'राहणारा' अशा दोन तुकड्यांचा होता. त्यातला दुसरा तुकडा आणि 'बूर', म्हणजे अडाणी, खेडवळ माणूस, यांचं मूळ एकच. जवळ राहिला तर शेजारी, लांब राहिला तर गावंढळ.

'डेनिझन' हा परीक्षेत हमखास येतो. त्याच्या मुळाशी 'आत' या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. डेनिझन म्हणजे आतला, तिथला रहिवासी, आणि 'फॉरिन' म्हणजे दाराबाहेरचा. पुढे इंग्लंडच्या कायद्यात राजाच्या सनदेने थोडे हक्क मिळालेल्या परदेशी माणसालाही डेनिझन म्हणू लागले.

गुहेकडे येऊ. 'ट्रोग्लोडाइट' म्हणजे गुहेत राहणारा, शब्दशः भोकात शिरणारा. जुनाट विचारांच्या माणसालाही तो टोमण्याने लावतात. पण गुहेतल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्यांनी याहून बारकाईने विचार केलाय. फक्त गुहेतच जगणारा तो 'ट्रोग्लोबाइट'. आत-बाहेर दोन्हीकडे पिढ्या काढू शकणारा 'ट्रोग्लोफाइल', म्हणजे गुहाप्रेमी. आणि गुहेत मुक्कामाला येतो, पण पोटासाठी बाहेर जावंच लागतं, तो 'ट्रोग्लोझीन'. 'झेनोस' म्हणजे पाहुणा, परका. वटवाघळं या तिसऱ्या गटात मोडतात. भीमगड भागातल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि पुढे कित्येक दशकं ते जगात फक्त याच ठिकाणी माहीत होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. त्याची पिल्लं तिथे होतात, दिवस तिथे जातो, पण शास्त्राच्या भाषेत ते त्या गुहेचं पाहुणंच.

हे सांगितलं त्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग सर, आमाला काय म्हणतेत?" सीमाभागातल्या वर्गात हा प्रश्न येणारच. इंग्रजीत 'बॉर्डरर' आहे, इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या लोकांसाठी रुळलेला. 'मार्च' म्हणजेही सीमेचा मुलूख, वेल्सच्या सीमेवरचे सरदार ते 'मार्चर', आणि 'मार्क्विस' ही पदवीही तिथलीच, सीमा राखणाऱ्याची. यातला एकही शब्द आम्हाला नीट बसत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि आमचा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. माझे आजोबा घर बदलून सीमेवर आले नव्हते, सीमा त्यांच्याजवळ आली. आम्ही स्वतःला सीमावासी म्हणतो. कन्नडमध्ये हाच शब्द 'सीमे' होतो आणि त्याचा अर्थ नुसती रेघ नाही, प्रदेश, मुलूख असाही आहे. मोकळ्या, कोरड्या पट्ट्याला ते 'बयलुसीमे' म्हणतात. तिला मी हे दोन्ही अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवले.

पाण्याकाठचे शब्द परीक्षेत घोळ करतात, म्हणून तेही सांगतो. 'लिटोरल' समुद्रकिनाऱ्याचं, 'रिपेरियन' नदीकाठचं. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिच्या काठची सगळी गावं रिपेरियन. आणि 'रायव्हल' विसरू नका. लॅटिनमध्ये 'रिव्हस' म्हणजे ओढा, आणि 'रिव्हालिस' म्हणजे एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोन भावांत बोलणं बंद झालेलं ज्यांनी पाहिलंय, म्हादईच्या पाण्यावरून राज्याराज्यांत चाललेला वाद ज्यांच्या तालुक्यात सुरू होतो, त्यांना शेजाऱ्याचा प्रतिस्पर्धी कसा झाला हे वेगळं पाठ करावं लागत नाही.