मायकल जॅक्सन गेला तेव्हा खरंच इंटरनेट बंद पडलं होतं का? त्याच्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम शंभर कोटी लोकांनी पाहिला हे खरं का? आणि माध्यमांत इतक्या अफवा आल्या कुठून?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: इंटरनेट खरंच बंद पडलं होतं का, श्रद्धांजलीचा कार्यक्रम शंभर कोटी लोकांनी पाहिला हे खरं का, आणि इतक्या अफवा आल्या कुठून. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

25 जून 2009, गुरुवार. लॉस एंजेलिसच्या होम्बी हिल्स भागातल्या भाड्याच्या घरातून दुपारी 12:21 ला 911 या आपत्कालीन क्रमांकावर फोन गेला. पाच मिनिटांत पॅरामेडिक घरात होते. 1:13 च्या सुमारास रुग्णवाहिका यूसीएलएच्या रुग्णालयात पोहोचली आणि 2:26 ला डॉक्टरांनी जॅक्सनला मृत घोषित केलं. आपल्याकडे तेव्हा 26 जूनच्या पहाटेचे 2:56 वाजले होते. मराठी लिखाणात कुठे 25 तर कुठे 26 तारीख दिसते ती याचमुळे. मृत्यू जिथे झाला तिथली तारीख धरायची, म्हणजे 25.

मृत्यूची बातमी सगळ्यात आधी टीएमझेड या सेलिब्रिटींच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाने दिली. टीएमझेड आणि सीएनएन या दोघांची मालक कंपनी तेव्हा एकच होती, टाइम वॉर्नर. तरीही सीएनएनने टीएमझेडच्या भरवशावर 'निधन' म्हटलं नाही. त्यांच्या पडद्यावर काही वेळ 'कोमात असल्याचं वृत्त' होतं. लॉस एंजेलिस टाइम्स आणि असोसिएटेड प्रेसकडून दुजोरा आल्यावर त्यांची नावं घेऊनच सीएनएनने बातमी दिली. त्या वेळी अनेकांनी याला मागे पडणं म्हटलं. माझ्या मते सीएनएनने केलं तेच बरोबर होतं. टीएमझेडची बातमी खरी निघाली म्हणजे प्रेक्षकाला त्या क्षणी ती पडताळून पाहता येत होती, असं नाही.

इथपर्यंतची गडबड तासा-दोन तासांची होती. खरा गोंधळ पुढे झाला. माणूस गेला हे जगाला त्याच दुपारी कळलं, पण कशाने गेला हे अधिकृतपणे कळायला 28 ऑगस्ट उजाडला. मध्ये 64 दिवस गेले. शवविच्छेदन दुसऱ्याच दिवशी झालं होतं. कोरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) कार्यालयाने तेव्हा सांगितलं की घातपाताच्या खुणा नाहीत, पण कारण राखून ठेवलं आहे, रासायनिक तपासणीला काही आठवडे लागतील. आपल्याकडे 'व्हिसेरा राखून ठेवला' म्हणतात तसाच हा प्रकार. (कोरोनर हे पद मुंबईतही होतं, 1999 मध्ये ते बंद झालं.) यात लपवाछपवी काही नव्हती. रक्त, यकृत, डोळ्यातला द्रव, पोटातला ऐवज यांचे नमुने वेगवेगळे तपासावे लागतात, एका चाचणीत सापडलेलं औषध दुसऱ्या पद्धतीने पक्कं करावं लागतं, आणि ते कुणी, किती, केव्हा दिलं याचा मेळ पोलीस तपासाशी घालावा लागतो. शेवटी निष्कर्ष निघाला तो प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचा, जोडीला लोराझेपामसारखी गुंगीची औषधं. मृत्यू 'दुसऱ्याच्या हातून झालेला' या वर्गात नोंदवला गेला. ते औषध देणारे जॅक्सनचे खासगी डॉक्टर कॉनरॅड मरे यांना 7 नोव्हेंबर 2011 रोजी सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आलं.

हे 64 दिवस चोवीस तासांच्या चॅनेलांना भरून काढायचे होते. अफवा आल्या त्या इथून. ब्रिटनच्या 'द सन'ने चार-पाच दिवसांतच शवविच्छेदनाचा तपशील म्हणून एक बातमी छापली: वजन जेमतेम 51 किलो, पोटात अर्धवट विरघळलेल्या गोळ्यांशिवाय काही नाही. कोरोनरच्या कार्यालयाने हे लगेच फेटाळलं. खरा अहवाल (क्रमांक 2009-04415) फेब्रुवारी 2010 मध्ये जाहीर झाला. त्यात वजन 136 पौंड, म्हणजे जवळपास 62 किलो आहे. उंची पाच फूट नऊ इंच. बारीक म्हणता येईल, पण हाडांचा सापळा नव्हे. तरी 51 किलोचा आकडा आजही लेखांमध्ये सापडतो, कारण तो आधी आला. मृत्यूनंतरच्या वार्तांकनात पहिला आकडा असाच चिकटून बसतो. आठ महिन्यांनी आलेल्या दुरुस्तीला पहिल्या पानावर कुणी जागा देत नाही.

आणखी एक चूक मराठी बातम्यांतही नेहमी होते. 'कार्डिॲक अरेस्ट' हे मृत्यूचं कारण म्हणून लिहिलं जातं. हृदय थांबणं ही मृत्यूची शेवटची पायरी आहे, ती कशामुळे आली ते त्यातून कळत नाही. त्या संध्याकाळी कुटुंबीयांनी 'कार्डिॲक अरेस्ट असावा' इतकंच सांगितलं होतं आणि कारण शवविच्छेदनानंतर कळेल हेही सांगितलं होतं. बातम्यांमध्ये दुसरा भाग गळून पडला आणि पहिल्याचा 'हार्ट ॲटॅक' झाला.

मर्यादाही सुटल्या. रुग्णवाहिकेच्या काचेतून टिपलेला, श्वासोच्छ्वास चालू करण्याचे प्रयत्न चाललेले असतानाचा फोटो अमेरिकेतल्या 'ओके' मासिकाने मुखपृष्ठावर छापला. त्यासाठी पाच लाख डॉलर मोजल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं होतं. मृतदेह हेलिकॉप्टरने कोरोनरच्या कार्यालयाकडे नेला जात असताना चॅनेलांची हेलिकॉप्टरं वरून थेट प्रक्षेपण करत होती. ज्या मुलांचे चेहरे बापाने वर्षानुवर्षं कॅमेऱ्यापासून झाकून ठेवले, ती दोन आठवड्यांच्या आत जगभर थेट दिसत होती. यातल्या एकाही दृश्याने वाचकाला नवी माहिती दिली नाही. फोटो न छापता तीच बातमी जशीच्या तशी देता आली असती.

आता इंटरनेट. पूर्ण बंद पडलं नव्हतं, पण बरंच काही अडखळलं. गूगल न्यूजवर त्याचं नाव शोधणाऱ्या काही लोकांना सुमारे पंचवीस मिनिटं क्षमा मागणारं एक पान दिसत होतं. एकाच नावाचा शोध इतक्या अचानक वाढला की गूगलच्या यंत्रणेला तो एखाद्या सॉफ्टवेअरने केलेला हल्ला वाटला. अशी पानं माणूस नसलेल्या शोधांना अडवण्यासाठी असतात, ती इथे खऱ्या लोकांना लागली. ट्विटर संथ झालं, एओएलची मेसेंजर सेवा सुमारे चाळीस मिनिटं बंद होती. विकिपीडियावरच्या त्याच्या लेखात 'निधन' टाकणं आणि काढणं एवढं चाललं की संपादन रोखावं लागलं. 2009 मध्ये ट्विटर तीन वर्षांचं होतं. एवढ्या मोठ्या बातमीचा भार त्या पिढीच्या सर्व्हरवर पहिल्यांदाच आला होता.

त्याच दुपारी अभिनेता जेफ गोल्डब्लम न्यूझीलंडमध्ये कड्यावरून पडून मेल्याची खोटी बातमी पसरली. एका संकेतस्थळावर तयार साचा होता. नट बदलायचा, मजकूर तोच. तेच न्यूझीलंड आणि तोच कडा याआधी टॉम क्रूझच्या नावानेही फिरला होता. ऑस्ट्रेलियाच्या चॅनल नाइनने ती खरी म्हणून सांगितली. मोठ्या मृत्यूच्या दिवशी अशा बातम्या खपतात, कारण संपादन विभागातला प्रत्येक हात एकाच बातमीत गुंतलेला असतो आणि दुसरी तपासायला कुणी उरत नाही. खऱ्या बातमीचं उलटं झालं. अभिनेत्री फॅरा फॉसेट त्याच सकाळी गेली होती. दुपारनंतर तिचं नाव पडद्यावरून जवळपास नाहीसं झालं.

लोकांचं दुःख मात्र खरं होतं. हॉलिवूडच्या पदपथावर त्याच्या नावाचा तारा आहे, पण त्या दिवशी शेजारी एका चित्रपटाचा प्रीमियर असल्याने तो मंडपाखाली झाकला गेला होता. लोकांनी मग काही अंतरावरच्या दुसऱ्या 'मायकल जॅक्सन'च्या ताऱ्यावर फुलं वाहिली. तो तारा त्याच नावाच्या एका रेडिओ निवेदकाचा होता. न्यूयॉर्कला हार्लेममधल्या अपोलो थिएटरसमोर गर्दी जमली, लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर दुसऱ्या दिवशी शेकडो लोक मूनवॉक करायला आले, फिलिपाइन्समधल्या सेबूच्या तुरुंगात कैद्यांनी त्याच्या गाण्यांवर नाचून त्याला निरोप दिला.

शंभर कोटींचा आकडा सोडून द्या. सगळ्या देशांचे प्रेक्षक एकत्र मोजणारी संस्था तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. असे आकडे बहुतेक वेळा 'जिथे जिथे प्रक्षेपण पोहोचू शकतं त्या देशांतली टीव्ही असलेली माणसं' एवढ्यावरून काढलेले असतात. मोजलेला आकडा आहे तो प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन या कंपनीचा, फक्त अमेरिकेतल्या टीव्हीचा: 7 जुलैच्या कार्यक्रमाला 3 कोटी 11 लाख. तोही प्रचंड आहे, पण 1997 मध्ये डायनाच्या अंत्ययात्रेला तिथेच 3 कोटी 30 लाखांच्या आसपास प्रेक्षक होते. संगणकावर थेट पाहणारे यात धरलेले नाहीत.

स्टेपल्स सेंटरमधल्या त्या कार्यक्रमाची व्यवस्था मात्र चोख होती. प्रवेश फुकट, पण सोडतीने. सुमारे 16 लाख लोकांनी नावं नोंदवली, 8,750 जणांना प्रत्येकी दोन प्रवेश मिळाले: 11,000 जागा सभागृहात, 6,500 शेजारच्या नोकिया थिएटरमध्ये पडद्यासमोर. तिकिटं काळ्या बाजारात जाऊ नयेत म्हणून ती आदल्या दिवशी डॉजर स्टेडियमवर देताना विजेत्याच्या मनगटावर पट्टा बांधला जात होता. पट्टा तुटला की तिकीट बाद. बाहेर लाखोंची गर्दी होईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात फारच कमी लोक आले, कारण घरी बसून सगळं दिसतच होतं. शहराला मात्र पोलीस आणि साफसफाई मिळून सुमारे 14 लाख डॉलर खर्च आला आणि त्यावरून पुढे बरेच दिवस वाद चालला.

विक्रीचा भाग कमी लोकांना ठाऊक आहे. अमेरिकेत आठवड्याचा हिशेब तेव्हा रविवारी बंद होत असे, म्हणजे मृत्यूनंतर जेमतेम तीन-साडेतीन दिवस. तेवढ्यात 4,22,000 अल्बम विकले गेले, आदल्या आठवड्यात हाच आकडा 10,000 च्या आसपास होता. निम्म्याहून जास्त विक्री डाउनलोडची, कारण दुकानांत जुन्या अल्बमच्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात आणि त्या पहिल्या रात्रीच संपल्या. 'नंबर वन्स', 'द इसेन्शियल' आणि 'थ्रिलर' हे तिन्ही लाखाच्या वर गेले. तरी संगीतविक्रीच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्ड मासिकाच्या मुख्य यादीत पहिला क्रमांक ब्लॅक आइड पीज या बँडचा होता, 88,000 प्रतींवर! तेव्हाच्या नियमाने जुन्या अल्बमना त्या यादीत जागाच नव्हती. वर्ष संपायच्या आत बिलबोर्डने तो नियम बदलला.

वार्तांकनाचा अतिरेक झाला का? झाला, आणि त्याचं मोजमापही उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या प्यू या संशोधन संस्थेच्या पत्रकारिता प्रकल्पाने 25 आणि 26 जूनच्या अमेरिकी बातम्या मोजल्या तेव्हा 60 टक्के जागा या एकाच विषयाने घेतलेली निघाली. त्यांच्याच पाहणीत 64 टक्के लोकांनी 'जरा जास्तच झालं' म्हटलं. बीबीसीकडे 700 हून अधिक तक्रारी गेल्या. त्या आठवड्यात इराणमध्ये निवडणुकीच्या निकालाविरुद्ध लोक रस्त्यावर होते. 26 जूनला अमेरिकी प्रतिनिधिगृहाने हवामानबदलाचं मोठं विधेयक 219 विरुद्ध 212 असं निसटतं मंजूर केलं, आणि त्याच दिवशी त्याच सभागृहात जॅक्सनसाठी मौन पाळलं गेलं. यातलं मौन किती प्रेक्षकांपर्यंत पोहोचलं आणि मतदान किती, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

सूर बदलणं हा मला यातला सगळ्यात वाईट भाग वाटतो. 2005 मध्ये लहान मुलाच्या लैंगिक शोषणाच्या खटल्यात तो सर्व आरोपांतून निर्दोष सुटला, तरी टॅब्लॉइडांनी त्याला विक्षिप्त ठरवून टोपणनावाने हिणवणं सोडलं नव्हतं. तीच वृत्तपत्रं 26 जूनला 'पॉपचा सम्राट' म्हणून काळ्या चौकटी छापत होती. ना आधीच्या हेटाळणीचा कुणी हिशेब दिला, ना आरोपांबद्दल नीट लिहिलं.

भारतीय चॅनेलांना या बातमीत स्थानिक धागा आयता मिळाला होता, 1 नोव्हेंबर 1996 चा अंधेरी क्रीडा संकुलातला जॅक्सनचा कार्यक्रम. शिव उद्योग सेनेसाठी झालेल्या त्या कार्यक्रमाला युती सरकारने करमणूक कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली, आणि 3 कोटी 30 लाखांहून अधिक रकमेचा तो प्रश्न राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2021 मध्ये निकाली काढला. तो कलाकार जाऊन तोवर साडेअकरा वर्षं झाली होती.

आपल्याकडचं उलट उदाहरण लता मंगेशकरांचं. 8 जानेवारी 2022 पासून त्या ब्रीच कँडीत होत्या. अफवा तेव्हाही उठल्या, पण डॉक्टर आणि कुटुंबीय वरचेवर प्रकृतीची माहिती देत होते, त्यामुळे त्या फार टिकल्या नाहीत. 6 फेब्रुवारीला निधन झालं तेव्हा वेळ (सकाळी 8:12) आणि कारण डॉक्टरांनी त्याच सकाळी सांगितलं, तर्काला वाव राहिला नाही. मग वादाला दुसरी जागा शोधली गेली: शाहरुख खानने दुआ म्हणून फुंकर घातली, तिला काही जणांनी थुंकणं ठरवलं.

पुढच्या वेळी अशी बातमी फोनवर आली तर आधी बघा ती कोण सांगतंय: रुग्णालय, कुटुंबाचा प्रवक्ता, पोलीस, की नुसतं 'सूत्रांनुसार'. दहा ठिकाणी तीच बातमी असेल तर त्या दहांचा मूळ स्रोत एकच आहे का तेही बघा, बहुतेक वेळा एकच असतो. कारणाबद्दल शवविच्छेदनाचा अधिकृत अहवाल येईपर्यंत काहीच धरून चालू नका, आणि त्याला आठवडे लागतात हे गृहीत धरा. जॅक्सनच्या प्रकरणाचा मुळातून अभ्यास करायचा असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या टीव्ही बातम्यांच्या संग्रहात 2009 पासूनचं प्रक्षेपण शोधता येतं. त्यात 25 जूनच्या संध्याकाळचे दोन-तीन चॅनेल शेजारी शेजारी लावून बघा, आणि 'निधन' हा शब्द कुणी कुणाचं नाव घेऊन उच्चारला ते टिपत जा.