टोमॅटोवरील जिवाणूजन्य ठिपका: औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूवर फाज कसा चालतो?

प्रश्न : टोमॅटोच्या पानांवर काळपट, पाणचट ठिपके आहेत. स्ट्रेप्टोमायसिन फवारूनही रोग वाढतोच आहे. जिवाणू मारणारे विषाणू फवारतात असे ऐकले. औषधाला न जुमानणारा जिवाणू त्यांना सापडतो कसा? फवारणी कशी घ्यावी?

उत्तर : हे विषाणू म्हणजे बॅक्टेरिओफाज, थोडक्यात फाज. कोणत्या जिवाणूने औषध पचवले आहे, हे फाज पाहत नाही. तो पाहतो फक्त बाहेरचे आवरण. स्ट्रेप्टोमायसिनचे काम जिवाणूच्या आत, प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमवर चालते. तुमच्या शेतातल्या झँथोमोनासचा, म्हणजे हे ठिपके पाडणाऱ्या जिवाणूचा, रायबोसोम बदलला असेल किंवा औषध निकामी करणारे विकर त्याला मिळाले असेल, तर मात्रा वाढवून काहीच साधणार नाही. ती फवारणी थांबवा.

फाजच्या शेपटीचे तंतू जिवाणूच्या आवरणावरील ठरावीक शर्करा, प्रथिने किंवा केसासारखे धागे चाचपतात. जुळणी झाली की तो घट्ट चिकटतो, आपले डीएनए आत सोडतो आणि जिवाणूचाच रायबोसोम वापरून पिल्ले तयार करतो. बदललेला रायबोसोमही त्याला चालतो. शेवटी जिवाणू फुटतो आणि अनेक नवे फाज बाहेर पडतात.

जुळणी इतकी नेमकी असल्यामुळे एका शेतात लागू पडलेला फाज दुसऱ्या शेतात वाया जाऊ शकतो. म्हणून रोगट पाने प्रयोगशाळेत देऊन चाचणी करून घ्याच. बशीत वाढलेल्या जिवाणूच्या पिवळसर थरावर फाजचा थेंब ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्या जागी स्वच्छ, पारदर्शक गोल दिसला तर फाज लागू आहे. थर तसाच राहिला तर घेऊ नका. ठिपके बुरशीचे निघाले तर फाजचा काडीचाही उपयोग नाही.

एकच फाज वारंवार वापरला तर आवरण बदललेले जिवाणू मागे उरतात. त्यामुळे वेगवेगळ्या जागी चिकटणाऱ्या फाजांचे मिश्रण घ्यावे.

फाजचे सर्वाधिक नुकसान होते ते उन्हामुळे. अतिनील किरणांनी पानावरचे फाज काही तासांत निकामी होतात, म्हणून फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास घ्या. उत्पादनात संरक्षक घटक नसतील आणि लेबलवर मनाई नसेल, तर 10 लिटर पाण्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी 75 ग्रॅम आणि साखर 50 ग्रॅम मिसळा. फाजची मात्रा लेबलप्रमाणेच ठेवा. पाणी क्लोरीन नसलेले हवे. ताम्रयुक्त औषध त्याच टाकीत मिसळू नका, नुकतेच फवारलेल्या पानांवरही फाज घेऊ नका. तांब्यामुळे फाज निकामी होतात. पंप आधी स्वच्छ धुवा. बाटली फ्रिजमध्ये 4 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा, गोठवू नका.

फाज ठिपके पुसत नाही, नवे पडणे रोखतो. पहिली फवारणी लक्षणे तुरळक असतानाच घ्या आणि पुढच्या फवारण्यांचे अंतर लेबलप्रमाणे पाळा. परिणाम पाहायचा तो नव्या फुटीवर.